किती वेळ लागला?

आमच्या पतसंस्थेत जुन्या पद्धतीच्या लांब लाल कापडी बांधणीच्या वह्या असायच्या ना, सगळं कॉम्प्युटरवर गेल्यावर त्यातल्या पाच-सहा कोऱ्याच कपाटात पडून होत्या, त्यातली एक मी मागून घरी आणली होती. दोन वर्षं तशीच होती. २०२५ च्या संक्रांतीनंतर तिच्यात रकाने आखले. तारीख, काय केलं, कुठली लोकर किंवा धागा, सुई कितीची, आणि शेवटचा रकाना तास. आज ती वही पुढ्यात घेऊन बसलेय, वर्ष संपलंय आणि शेवटच्या रकान्याची बेरीज करायचीय.

वही सुरू कशी झाली ते आधी सांगते. आमच्या सोसायटीत हळदीकुंकू होतं, त्यात मी माझी लोकरीची टोपी घालून गेले होते कारण त्या जानेवारीत नाशिकला थंडीच तशी होती. निफाडचा पारा घसरला की पेपरात फोटो येतो द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोटीचा, तेव्हा आम्ही इथे ओळखून जातो की आता रात्री दोन पांघरुणं लागणार. तर तिथे एक बाई म्हणाल्या, किती गोड आहे गं, मला करून देशील, दीडशे रुपये देते. चांगल्या मनाने म्हणाल्या, त्यांचं काहीच चुकलं नाही. लोकरच ऐंशी रुपयांची होती. मी पटकन म्हणाले, अहो पैसे कसले, मी आपलं टाईमपास म्हणून करते. आणि घरी येताना मला इतकं खटकलं ते. कारण दिवसभर मी दुसऱ्यांच्या पैशाचं व्याज दोन दशांश स्थळांपर्यंत काढते आणि माझ्याच हातच्या टोपीला किती वेळ लागला हे मला सांगता येत नव्हतं. पाच तास? दहा? खरंच माहीत नव्हतं.

म्हणून वही.

पहिलीच नोंद उसवलेल्या कामाची आहे. माझी भाची लग्न होऊन अमेरिकेत मिनेसोटात गेलीय, तिकडे थंडी म्हणजे आपल्या कल्पनेच्या बाहेरची, तिच्या नवऱ्यासाठी टोपी करायची म्हणून तिनेच एक पॅटर्न पाठवला. ८८ टाके, सुई नंबर ८. माझ्याकडे ८ नंबरच्या सुया आहेतच, नीलगिरीत केट्टीला जो कारखाना आहे त्यांच्या, पोनीच्या, सासूबाईंच्या वेळेपासूनच्या. घातले टाके आणि सुरू केलं. दोन उलट दोन सुलट करत चार बोटं पट्टी झाली, मग सगळं सुलट, संध्याकाळी मालिका चालू असताना हात चालू. तिसऱ्या दिवशी टाके बंद केले, शिवलं, आणि टोपी माझ्या मुठीवर चढवून बघितली तर ती तान्ह्या बाळाची झालेली. मापली. एकोणीस-वीस इंच यायला हवी होती ती पंधरा.

कारण असं की आपल्याकडे सुयांचे नंबर इंग्रजांच्या जुन्या पद्धतीने चालतात, नंबर वाढला की सुई बारीक होते, म्हणजे १२ नंबरची पावणेतीन एमएम आणि ८ नंबरची ४ एमएम. अमेरिकेत बरोब्बर उलटं, नंबर वाढला की सुई जाड, आणि त्यांची ८ म्हणजे ५ एमएम. एक एमएमचा फरक आणि वर आपली लोकरही त्यांच्यापेक्षा बारीक, मग टाके तेवढेच राहिले तरी टोपी लहान होणारच. हे लिहितेय अशासाठी की नवीन विणायला लागलेल्या मुली सगळं यूट्यूब बघून करतात आणि नेमक्या इथेच अडकतात. नंबर बघूच नका, एमएम बघा, आणि मोठं काम असेल तर आधी चार इंचाचा चौकोन विणून पट्टीने मोजा. मला माहीत होतं हे, पण टोपीच तर आहे म्हणून नाही केलं.

सहा तास. आता ते वहीत लिहायचे की नाही? मी आईंना विचारलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, शहात्तर वर्षांच्या आहेत, माझं विणकाम सगळं त्यांच्याकडूनच आलंय. मी म्हटलं, आई, टोपी तर उसवायचीय, मग हे तास लिहू का? त्या म्हणाल्या, "बसली होतीस ना तेवढा वेळ? मग लिही की." लिहिले. पुढे 'उसवली' असं लिहिलं. त्यानंतर साडेसात तासांत दुसरी टोपी झाली, ती मापाची झाली आणि गेलीसुद्धा तिकडे.

फेब्रुवारीत एका सहकारी मैत्रिणीच्या सुनेसाठी बाळंतविडा केला. टोपडं, झबलं, पायमोजे आणि एक दुपटं, सगळं फिकट पिवळ्या रंगात कारण मुलगा-मुलगी कुणालाही चालतो. ३१ तास. त्यातले पायमोजे सगळ्यात छोटे आणि सगळ्यात वेळखाऊ, टाचेशी टाके कमी-जास्त करताना मोजत राहावं लागतं आणि मध्येच कुणी हाक मारली की गेलं. मार्चचं पान कोरं आहे. मार्च एन्डला आमच्याकडे रात्री नऊ-नऊ वाजतात, थकबाकी, ऑडिट, तरतुदी, हातात सुई धरायचं त्राण राहत नाही. एप्रिलपासून उन्हाळा लागला की लोकर मांडीवर नकोशी होते, घाम येतो, चिकटते. म्हणून उन्हाळा नेहमी क्रोशाचा, सुती दोऱ्याचा.

क्रोशाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय.

आईंनी मला शिकवलं तेव्हा शब्द मराठीत शिकवले. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, दोन वेढ्यांचा खांब. मुका खांब हा शब्द मला पहिल्यांदा ऐकल्यापासून आवडतो, बुटका असतो तो, दोऱ्याचा एकही वेढा न घेता घातलेला, शेजारच्या उंच खांबांमध्ये गप्प बसलेला. इंग्लिश पॅटर्न वाचायला लागले तेव्हा कळलं की आपले शब्द किती सोयीचे आहेत. कारण अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकेचा डबल म्हणजे ब्रिटनचा ट्रेबल. पॅटर्न कुठल्या देशाचा हे आधी शोधायला लागतं. मी आता कुठलाही पॅटर्न आला की पहिल्यांदा पेन घेऊन सगळीकडे मुका खांब, खांब असं मराठीत लिहून काढते आणि मगच हूक उचलते.

तर एप्रिल ते जून जेवणाच्या टेबलावरचं कापड केलं. पांढऱ्या दोऱ्याची षटकोनी फुलं, ४८. एका फुलाला मला ३५ मिनिटं लागायची, शेवटी शेवटी तर बघावंच लागत नव्हतं. त्याचे २८ तास झाले. मग ती एकमेकांना जोडायला ९ तास आणि दोऱ्याची टोकं सुईने आत लपवायला ८. हे शेवटचे ८ तास कुणालाच दिसत नाहीत. ४८ फुलांची ९६ टोकं, प्रत्येक टोक तीन वेळा दिशा बदलून आत घ्यायचं नाहीतर धुतल्यावर बाहेर येतं. मीही वही नसती तर ते धरले नसते, फुलं झाली म्हणजे कापड झालं असंच म्हटलं असतं, जोडाजोडी काय, तेवढी उरकली की झालं. एकूण ४५ तास.

त्याच सुमारास एका मॉलमध्ये मुलीबरोबर गेले होते. तिला टॉप घ्यायचा होता. रॅकवर क्रोशाचा टॉप, बदामी रंगाचा, बाह्यांना जाळी, सेलमध्ये ३९९ रुपये. मी तो हातात घेतला आणि उलटा करून बघितला. हल्ली क्रोशेसारखी दिसणारी जाळी मशीनवर निघते, ती खरं तर सुयांवरच्यासारखी विणलेली असते, नुसती दिसायला क्रोशे. पण हा तसा नव्हता. पाठीमागून मुके खांब स्पष्ट दिसत होते, आणि एका काखेत, आतल्या बाजूला, एक गाठ होती. दोरा संपल्यावर नवा जोडताना मारतो तशी, टोक अर्ध्या इंचाचं बाहेर राहिलेलं.

विणकामाचं मशीन फार जुनं आहे, इंग्लंडमध्ये विल्यम ली नावाच्या माणसाने १५८९ मध्ये मोजे विणायचं पहिलं यंत्र केलं. सुयांवर एका वेळी ओळभर टाके असतात त्यामुळे ते यंत्राला जमलं. क्रोशात तसं नाही, एका वेळी एकच टाका जिवंत असतो आणि हूक कधी मागच्या ओळीत शिरतं, कधी साखळीच्या पोकळीत, कधी खांबाच्या कमरेला वळसा घालतं. प्रयोगशाळांमध्ये प्रयोग चाललेत म्हणतात, पण दुकानात जे खरं क्रोशे मिळतं ते आजही कुणाच्या तरी हाताने केलेलं असतं. म्हणजे त्या टॉपला कुणीतरी बसलं होतं. मी उभ्या उभ्या ओळी मोजल्या, माझ्या हाताने बारा तासांच्या आत झाला नसता, तिचा हात माझ्यापेक्षा कितीही चालणारा असला तरी आठ तास धरा. ३९९ मधून दुकानाचं भाडं, गाडी, टॅक्स, मधले लोक, दोरा हे सगळं काढा. मी बँकिंगमधली बाई आहे, हा हिशोब मला तोंडी येतो, आणि तो करून झाल्यावर तो टॉप माझ्याच्याने परत हँगरला लावेना. मुलगी म्हणाली, आई काय झालं. मी तिला ती गाठ दाखवली.

आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, आमच्या रामकुंडावरून पुढे जाते आणि १४६५ किलोमीटर जाऊन आंध्रात समुद्राला मिळते. तिथे तिच्या एका फाट्यावर नरसापूर म्हणून गाव आहे. तिथल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका पिढ्यान् पिढ्या क्रोशाची लेस करतात. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायांनी तिथल्या मुलींना हे काम शिकवलं, मग त्याचा धंदा झाला आणि माल परदेशात जायला लागला. २०२४ मध्ये त्या लेसला जीआय टॅग मिळाला. तिथे सत्तरच्या दशकाच्या शेवटी मारिया मीस नावाच्या जर्मन अभ्यासक बाई जाऊन राहिल्या होत्या आणि १९८२ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. त्यांनी जे मांडलं ते मला कुणीतरी कानशिलात मारल्यासारखं लागलं. या बायका घरचं सगळं आवरून रोज तासन् तास लेस करायच्या, माल एक्स्पोर्ट व्हायचा, मधले व्यापारी मोठे व्हायचे, आणि बायकांना अगदी थोडे पैसे मिळायचे. का, तर म्हणे त्या घरात बसलेल्या गृहिणी, फावल्या वेळात करतात. कामगार म्हणून त्यांची मोजदादच नव्हती.

फावल्या वेळात. मी हळदीकुंकवाला तेच तर म्हणाले होते, आपल्या तोंडाने. मला ती कमाई करायची गरज नाही, माझा पगार आहे, मी ते फुकट दिलं तरी माझं काही अडत नाही. पण मी टाईमपास म्हणते, तुम्ही टाईमपास म्हणता, असं सगळ्या म्हणत राहिलो की त्या कामाची किंमतच तेवढी ठरते, आणि ती किंमत मग त्या काखेतली गाठ मारणाऱ्या बाईला लागू होते. हे मला मनापासून वाटतं. त्या दिवसापासून मी तो शब्द सोडला. कुणी विचारलं तर सरळ वहीतला आकडा सांगते, ४५ तास लागले. आधी लोक जरा गप्प होतात. मग हात पुसून कापडाला हात लावतात.

चेन्नईला ३१ जानेवारी २०१६ ला देशभरातल्या बायकांनी मिळून जगातलं सगळ्यात मोठं क्रोशाचं ब्लँकेट केलं होतं, ११,१४८.५ चौरस मीटर, गिनीज रेकॉर्ड झालं. किती आनंद झाला होता मला ते वाचून. आता वही ठेवायला लागल्यापासून वाटतं, चौरस मीटर तर मोजले, दशांशासकट मोजले, तास किती झाले असतील सगळ्यांचे मिळून.

पावसाळ्यात क्रॉस स्टिच. फुलीचा टाका. शाळेत मॅटीच्या कापडावर सगळ्यांनीच केलेला असतो, कोपऱ्यात गुलाब आणि मध्ये वेलकम. मी मात्र या वर्षी पहिल्यांदा स्वतःचा नमुना काढला. जुन्या नाशकात माझ्या माहेरचा वाडा होता तो दोन वर्षांपूर्वी पाडला, तिथे आता पार्किंगसकट इमारत उभी राहतेय. वाड्याचा दरवाजा, त्याची पितळी कडी, वरची गणेशपट्टी आणि खालचा उंबरा, एवढ्याचा एक फोटो माझ्याकडे होता. तो ग्राफपेपरवर उतरवला, ११२ चौकटी रुंद, १४० उंच. कापड इंचाला १४ घरं असणारं घेतलं, म्हणजे बरोबर ८ बाय १० इंच. सगळ्या चौकटी धरल्या तर १५,६८० फुल्या होतात, पण भिंतीचा भाग मी मोकळाच ठेवला, कापडाचाच रंग चुन्यासारखा होता. तरी नऊ हजाराच्या आसपास झाल्या.

धाग्याची लडी ८ मीटरची असते आणि धाग्याला सहा पदर असतात, त्यातले दोन घेऊन भरायचं. लाकडासाठी चार तपकिरी घेतले आणि मेन रोडच्या दुकानात काचेच्या काउंटरवर ते जवळजवळ ठेवून इतका वेळ उभी राहिले की त्या काकांनी मला स्टूल दिलं. उन्हात तापून फिका झालेला वरचा भाग एक तपकिरी, हात लागून लागून काळपट झालेला कडीजवळचा भाग दुसरा. तो काळपटपणा कुणाकुणाच्या हातांचा होता ते भरताना आठवत होतं. आजीचा, अण्णांचा, दूधवाल्याचाही.

या कामात एक शिस्त असते, प्रत्येक फुलीची वरची तिरकी रेघ एकाच दिशेला गेली पाहिजे, एखादी जरी उलटी पडली तरी उजेडात चमक वेगळी दिसते. आणि मोजणं. ऑगस्टमध्ये मी एक घर चुकले. एकच. गणेशपट्टीच्या डाव्या बाजूला एक घर पुढे गेले आणि तिथून तीन संध्याकाळी तशीच भरत राहिले, कळलं कधी तर उजवी बाजू जुळेना तेव्हा. पाच तासांचं काम उसवायला चार तास लागले, कारण लोकरीसारखं इथे ओढून उसवत नाही, एकेक फुली सुईच्या नाकाने उचलून कापायची, कापड कापलं जाणार नाही एवढं जपायचं आणि मग धाग्याचे केस चिमट्याने वेचायचे. वहीत ९ तास, 'उसवलं'. एकूण ८६ झाले.

आणि मग धुताना लाल धाग्याने रंग सोडला. उंबऱ्यावर कुंकवाची पाच बोटं होती, तेवढाच लाल होता अख्ख्या चित्रात. पाण्यातून काढलं तर उंबऱ्याखाली गुलाबी ओघळ. माझ्या पोटात खड्डा पडला. सुकू द्यायचं नाही एवढं आठवत होतं, म्हणून गार पाण्यात परत टाकलं, पाणी बदललं, परत टाकलं, रात्री दोन वाजेपर्यंत बादली बदलत बसले. ओघळ बहुतेक गेला. अगदी किंचित गुलाबी राहिलाय उंबऱ्याच्या खालच्या कडेला. माझ्या बहिणीला फ्रेम दाखवली तेव्हा तिने त्याच जागी बोट ठेवलं आणि म्हणाली, आई दारासमोर सडा घालायची तेव्हा कुंकू असंच उतरायचं खाली. मी तिला सांगितलंच नाही.

दिवाळीनंतर आईंची बंडी घेतली. हे या वर्षातलं माझं सगळ्यात आवडतं काम.

आईंचा एक मरून स्वेटर होता, त्यांनी स्वतः पस्तीसेक वर्षांपूर्वी विणलेला, लुधियानाच्या लोकरीचा, कोपरं गेलेली. त्या म्हणाल्या, "हा उसव आणि मला बिनबाह्यांची बंडी कर, बाह्या आता चढवताना खांदा दुखतो." मला जिवावर आलं त्यांच्या हातचं उसवायला. त्यांना काहीच वाटलं नाही. "लोकर चांगली आहे गं अजून," म्हणाल्या, आणि खात्री म्हणून कोपराजवळचा एक तुटका धागा काडीने पेटवायला लावला. केस जळल्याचा वास आला. ती खरी लोकर. हल्ली दुकानात लोकर म्हणून मिळतं ते बहुतेक अॅक्रिलिक, ते जळताना वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो.

आधी शिवणी सोडवल्या. मग वरून, जिथे टाके बंद केलेले असतात तिथून, उसवायला घेतलं. मी ओढत होते, आई गुंडाळत होत्या, खुर्चीच्या पाठीला. उसवलेली लोकर सरळ येत नाही, इतकी वर्षं ज्या टाक्यात बसलेली असते त्याचं वळण घेऊनच येते, बारीक बारीक कुरळी, मॅगीसारखी. तशीच विणली तर वीण खडबडीत होते. म्हणून लड्या करून चार ठिकाणी सैल दोरा बांधायचा, कोमट पाण्यात भिजवायची, न पिळता पाणी निथळू द्यायचं आणि खाली थोडं वजन लावून सावलीत टांगायची. आमच्या बाल्कनीत तीन दिवस मरून लड्या टांगलेल्या होत्या, प्रत्येकीच्या खाली एकेक कुलूप. चौथ्या दिवशी धागा सरळ. वजन केलं, ३८० ग्रॅम.

आईंना आता मधलं दिसत नाही, डोळ्याच्या कडेने दिसतं. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही पण दाराशी कुणी आलेलं दिसतं. त्यामुळे स्वतः विणायचं त्यांनी तीन वर्षांपूर्वी थांबवलं. मी पाठीचा भाग अर्धा करून त्यांच्या मांडीवर ठेवला, मापासाठी. त्यांनी तो नेहमीसारखा उजव्या हाताच्या अंगठ्याखालून सरकवायला सुरुवात केली, ओळ ओळ, डोळे दुसरीकडे, खिडकीकडे. आणि एका जागी अंगठा थांबला. मागे आला. परत थांबला.

"इथे टाका गळलाय तुझा. शिडी झालीय बघ."

मी चष्मा लावून बघितलं तरी दिसेना. दिवा जवळ आणला तेव्हा दिसलं, नऊ ओळी खाली एक टाका सुटलेला होता आणि त्याच्या वर नुसते आडवे धागे, एकावर एक, खरंच शिडीसारखे. मी उसवायला घेतलं तर म्हणाल्या, "उसवतेस कशाला, क्रोशाचं हूक दे." हूक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी डाव्या बोटांनी गळलेला टाका चिमटीत पकडला, हूक त्यात घातलं, वरचा आडवा धागा हुकात घेऊन त्यातून ओढून काढला, एक टाका झाला. मग त्याच्या वरचा. बघत खिडकीकडेच होत्या. पाचव्या धाग्याला हूक लोकरीत शिरलं आणि लोकर फाकली, तेव्हा जरा थांबल्या, हूक मागे घेतलं, धाग्यावर नख फिरवून तो गोल केला आणि परत घातलं. नवव्याला टाका सुईवर चढवला आणि अंगठा पुन्हा खालपासून वर फिरवून बघितला. मग काही न बोलता विणकाम माझ्याकडे दिलं. मला आता ती जागा शोधूनही सापडत नाही.

बंडीला उसवण्या-धुण्याचे ५ आणि विणण्याचे ३६ तास. त्यात गळा दोनदा केला. आई ती रोज घालतात, दुपारीसुद्धा.

बाकी एक जाळीची शाल होती, तिची वीण माझ्या हाताला बसलीच नाही, १४ तासांनंतर नोव्हेंबरमध्ये सगळी उसवली. किरकोळ कामं, मफलर, तोरण, मोबाईलची पिशवी वगैरे, ३० तास. बेरीज २६०.५. त्यातले तीसेक तास उसवलेल्या कामाचे आणि उसवण्याचे. ३६५ ने भागलं तर रोजची साधारण ४३ मिनिटं येतात. मी हा आकडा बघत कितीतरी वेळ बसले. रोज ४३ मिनिटं कुठून आली, आमच्याकडे तर कुणालाच कशाला वेळ नसतो.

परवा रात्री बेरीज मोठ्याने वाचून दाखवत होते तेव्हा आई पलंगावर होत्या. टीव्हीखालच्या कपाटावर त्यांचा एक क्रोशाचा रुमाल अंथरलेला असतो, पांढरा होता कधीतरी, आता सायीच्या रंगाचा झालाय, कडेला काचेचे मणी आहेत त्यातले दोन-तीन पडलेत. मी सहज विचारलं, आई, त्याला किती वेळ लागला होता?

"तो? तो दुष्काळातला."

बाहत्तरचा दुष्काळ. त्या लग्न होऊन सिन्नरकडच्या गावात आलेल्या, विशी नुकतीच ओलांडलेली. विहिरीला पाणी नव्हतं, तळाला झरा होता तो पाझरून साचेपर्यंत रांग लावून बसायचं, सगळ्या बायका, हंडे एकापुढे एक ठेवून. हंडा रांगेत ठेवून घरी गेलं तर मागची पुढे सरकायची म्हणून उठताही यायचं नाही. माहेरून आणलेला दोरा आणि हूक त्यांनी पदराला बांधून न्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा म्हाताऱ्या बायका काहीबाही बोलल्या, लोकांच्या पोटाला नाही आणि हिला नक्षी सुचतेय, मग त्यांच्यातल्याच दोघी-तिघी शिकायला बसल्या. मणी वजनासाठी, वाऱ्याने रुमाल उडू नये म्हणून. भरलेला हंडा घरी आणला की त्याच्यावर हाच झाकायचा, आणि पाणी संपलं की धुवायला पाणी नाही म्हणून नुसता झटकून परत.

पन्नासहून जास्त वर्षं तो रुमाल या घरात आहे, माझ्या लग्नापासून मी तो दर दिवाळीला धुते, आणि मला हे माहीत नव्हतं.

मी वही उघडली. नवीन पान घेतलं, वर आईंचं नाव लिहिलं. तारीख १९७२-७३. काय केलं, हंड्यावरचा रुमाल. पांढरा सुती दोरा, काचेचे मणी. सुई, त्यांना आठवत नाही. मग तासांच्या रकान्याशी आले आणि विचारलं, इथे काय लिहू?

त्यांनी थोडा विचार केला. "दोन हंडे रोज," म्हणाल्या, "होळीपासून मिरगापर्यंत."

तेच लिहिलं.